अकरा रामकाठ्या आणि तुमची सही

भाऊजी, तुमच्या तेराव्याला मी रडले नाही. ताईच्या शेजारणी माझ्याकडे टकामका पाहत होत्या. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला आणि ही बाई कोरड्या डोळ्यांनी पंक्तीत वरण वाढते आहे, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. फोटोतल्या हाराआडून तुम्ही नेहमीसारखे गालातल्या गालात हसत होतात, आणि मला तो फोटो खुंटीवरून काढून समोर ठेवावा आणि तुमच्याशी कडकडून भांडावं असं वाटत होतं. चाळीस वर्षं आपण भांडलो. शेवटचं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. आता मी एकटीनं ते कसं संपवू, सांगा.

तुम्ही कोण होतात, कुठे शिकलात, अकोल्याच्या कॉलेजात किती वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलंत, हे पेपरात छापून आलंय. ताईनं ते कात्रण देवघरात ठेवलंय. त्यात 'व्यासंगी', 'मनमिळाऊ' असं बरंच काही आहे. मनमिळाऊ! एका पोरीनं परीक्षेत बाभळीच्या चित्राखाली 'काटेरी झाड' एवढंच लिहिलं म्हणून तुम्ही तिला शून्य दिलं होतंत, आणि ती रडत घरी आली तेव्हा तिला चहा पाजून वर सुनावलं होतंत, "गुलाबही काटेरीच असते, वांगंही काटेरीच असते. तुले कोनी नुसतं 'नाकवाली पोरगी' म्हनलं तं चालीन का? नाव सांग ना वं त्याचं." ती पोरगी आज स्वतः शिकवते. तेराव्याला आली होती, माझ्या वाट्याचंही तीच रडली.

मलाही तुम्ही असंच शिकवलंत. तुमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ताईला भेटून मी अमरावतीला परत निघाले होते, तुम्ही मूर्तिजापूरपर्यंत सोबत होतात. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत मी म्हटलं, "तुमच्याकडे नुसत्या बाभळीच बाभळी." आम्ही वकिलाच्या घरातल्या मुली, आमच्या अंगणात पारिजातक, कण्हेर आणि तुळस, आणि बाकी सगळं जग म्हणजे झाडी. तुम्ही उठलात, कंडक्टरला घंटी मारायला लावलीत आणि मला म्हणालात, "उतर खाली." भर उन्हात, मधल्या फाट्यावर! बस गेली. तुम्ही मला धुऱ्याधुऱ्यानं दीड-दोन तास हिंडवलंत. ही तेली, हिचं लाकूड आतून काळं, वखराला आणि बंडीच्या चाकाला हिच्यासारखं दुसरं नाही. ही कवडी, हिची साल हाताला बुचासारखी लागते, चुलीत घालायच्या कामाची. हा हिवर, बाभळीचाच भाऊ, पण गोरा. आणि ती बघ, दूर, सगळे हात वर करून उभी आहे ती रामकाठी. तिची सावली पायाशीच पडते, पिकावर पडत नाही, म्हणून शेतकरी तिला वावराच्या बांधावर, धुऱ्यावर राखतो. माझ्या नव्या चपलेतून काटा आरपार गेला होता आणि तुम्ही म्हणालात, "हा कवडीचा." काटा काढायच्या आधी नाव सांगितलंत!

तेव्हाही मी संतापले होते. पण घरी जाऊन त्या चार नावांची यादी मी वहीत लिहिली. मी शाळेत मराठी शिकवणारी. मला झाडापेक्षा शब्दांचं वेड. तिथून आपलं ते सुरू झालं. सुटी लागली की मी अकोल्याला यायची आणि आपण दोघं बाभळीचे शब्द गोळा करत गावोगाव हिंडायचो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, आणि सगळ्यात जास्त बाळापूरकडचं तुमचं गाव. ताई म्हणायची, "लोकांच्या बहिणी साड्या न्यायला येतात, माही बहीण काटे न्यायला येते." बुटांच्या खोक्यांत आपली कार्डं साठत गेली. एका कार्डावर एक शब्द, कोणत्या गावात ऐकला, कोणाकडून, ते माणूस तेव्हा काय करत होतं, आणि खाली आपल्या दोघांच्या सह्या. सह्या कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ज्यानं नाव सांगितलं त्यानं त्याखाली उभं राहिलं पाहिजे.

आणि खाडाखोड नाही. हा नियम तुम्ही कॉलेजातून आणला होता. तुमच्याकडे वाळवलेल्या फांद्या जाड कागदांवर डकवून ठेवलेल्या असायच्या, शंभर वर्षांपूर्वीच्यासुद्धा. एखाद्यानं झाडाचं नाव चुकीचं लिहिलेलं असलं, तरी ते लेबल फाडायचं नाही, त्यावर रेघही मारायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची; तिच्यावर बरोबर नाव, ओळखणाऱ्याची सही आणि तारीख. एका फांदीशेजारी मी अशा चार चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. "चुकला तं चुकला," तुम्ही म्हणायचात, "पन त्याची चूक फेकायची नाही. मागून येनाऱ्याले कयलं पाह्यजे का मानूस कुठी चुकते."

सगळ्यात जास्त शब्द आपल्याला दिले ते तुमच्या गावच्या अंजनाबाईनं. बकऱ्या राखणारी, माझ्याच वयाची, तोंडानं फटकळ. उन्हाळ्यात रानात काही उरत नाही तेव्हा बाभळीच्या शेंगांवर तिच्या बकऱ्या जगायच्या. तिनं एकदा एका जुनाट झाडाकडे हात करून सांगितलं होतं, "थे निवलेली हाय. काटे गयले तिचे." म्हाताऱ्या बाभळीचे काटे गळतात, अशा झाडाला तिच्याकडे 'निवलेली' म्हणतात. तो शब्द ऐकून तुम्ही इतके खूश झालात की दिवसभर माझ्यामागे लागलात. "मास्तरीण, तू कवा निवशीन वं?" पुढे वीस वर्षं, मी चिडले की तुमचा हा एक प्रश्न ठरलेला.

नाही निवले, भाऊजी. तुमच्या कृपेनं आता निवायचीही नाही.

नावांवरून तुम्ही काय काय आकांडतांडव केलंत ते मला आठवतं. शास्त्रज्ञांनी मध्यंतरी बाभळीचं जुनं लॅटिन नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवलं आणि आपल्या बाभळीला नवंच काहीतरी दिलं, तेव्हा तुम्ही आठ दिवस धुमसत होतात. "झाड इथं, आन् नाव गेलं परदेशी! कोनाले इचारलं?" जेवताना तेच, अंघोळीला जाताना तेच. आणि मी गंमत म्हणून सुचवलं की आपल्या खोक्यात एक कार्ड 'काटेरी झुडूप' या शब्दाचंही करू या, कारण कचेरीतली माणसं बाभळीला तेच म्हणतात आणि लोक बोलतात तो प्रत्येक शब्द संग्रहात आला पाहिजे, तर तुम्ही खोकं माझ्या हातातून काढून घेतलंत. "थो शब्द नाही, शिवी हाय. माह्या खोक्यात येनार नाही." माझं म्हणणं होतं की शिवी हासुद्धा शब्दच. त्यावर आपण दोन दिवाळ्या भांडलो. भांडण मिटलं नाही, कार्डही झालं नाही.

आणि मग गेल्या वर्षी, पोळा होऊन महिना झाला असेल, अंजनाबाईचा फोन आला. तिनं मला कधी फोन केला नव्हता. "बाई, थ्या धुऱ्यावरच्या बाभयी पाडल्या," ती म्हणाली. "रस्ता मोठा करून राह्यले ना. समद्या अकराच्या अकरा. आन् सायेबानंच झुडपं म्हनून लिहून देल्लं म्हनते." साहेब म्हणजे तुम्ही. मी तिला म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, "मंग मी लबाड बोलून राह्यली का?" आणि फोन ठेवून दिला.

अकरा रामकाठ्या. तुमच्या वावराच्या धुऱ्यावर तुमच्या आजोबांनी राखलेल्या. आपल्या पहिल्या खोक्यातली पहिली बारा कार्डं त्या धुऱ्यावरची.

मी अर्ज केला, खेटे घातले, आणि पंचनाम्याची नक्कल मिळवली. यादीत आधी एक लिंब, दोन चिंचा, नावानिशी, बुंध्याच्या मापानिशी. आणि खाली एका ओळीत, 'धुऱ्यावरील काटेरी झुडपे, साफ करणे.' माप नाही, आकडा नाही. त्याखाली, गावचे जाणकार पंच म्हणून, तुमची सही. नावाच्या झाडाला हात लावायचा तर परवानगी लागते. झुडपं काय, सकाळी मशीन आणलं आणि दुपारपर्यंत मोकळं. ती सही मी पुन्हा पुन्हा पाहिली. तुमचं अक्षर आखीव असायचं, आणि ही सही ओळ सोडून खाली घसरलेली, तिरकी, शेवटची दोन अक्षरं समासात गेलेली. मला वाटलं, माणसाला आपण काय करतोय ते माहीत होतं, म्हणून हात असा पळाला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन अकोल्याला आले. तुम्ही खुर्चीत होतात, ताई चिवडा देत होती. मी वाटी बाजूला सारली आणि कागद तुमच्यासमोर धरला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाही. मान थोडी वळवून कागदाच्या शेजारी कुठेतरी पाहत राहिलात. "नजर तरी मिळवा," मी म्हटलं. ताई मधे पडायला आली तर तिला हातानं थांबवलंत. मग मी जे बोलले ते मला रोज ऐकू येतं. "कोणासाठी केलंत हो हे? कोणाची मर्जी राखायची होती? आणि करायचीच होती तर सही तरी सरळ करायची. हात थरथरला की काय?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "झालं थे झालं. तू जेवून जाय."

मी जेवले नाही. तिथून थेट बसस्टँडवर आले. त्यानंतर सहा महिने मी तुमच्याशी बोलले नाही. संक्रांतीला ताईला फोन केला, तुम्हाला द्यायला निघाली तर मी ठेवून दिला. तुम्ही आत, कॉटवर, कुठल्या बाजूला तोंड करून बसला असाल ते मला माहीत होतं. एकदा मागून तुमचा आवाजही आला, "मास्तरीण हाय का?" तरी मी ठेवला.

भर वैशाखात सकाळी ताईचा फोन आला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी अमरावतीच्या राजापेठेतून मिळेल ती बस पकडली. मूर्तिजापूरच्या पुढे तो फाटा लागतो, जिथं तुम्ही मला उतरवलं होतंत. मी खिडकीकडे पाठ करून बसले.

तर हे झालं माझं भांडण. आता त्याचा दुसरा अर्धा भाग ऐका, जो तुम्ही मला जिवंतपणी सांगायला हवा होता आणि जो मला तुमच्या तेराव्यानंतर ताईकडून कळला.

पाहुणे गेले होते. कूलर घरघरत होता, ताई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला म्हटलं, खोकी दे, मी अमरावतीला नेते. ती उठली आणि खोक्यांच्या आधी टेबलाचा खालचा खण उघडला. आत डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या, एक हातभर मोठं भिंग, आणि बारीक चौकड्यांचा एक कागद, मध्ये टिंब असलेला. त्या चौकड्यांच्या सरळ रेघांवर तुम्ही पेन्सिलीनं, तुम्हाला त्या जशा दिसत होत्या तशा, वाकड्या रेघा ओढल्या होत्या. मध्यभागी, टिंबाभोवती, नुसतं काळं केलेलं होतं. असे चार कागद, तारखांचे. प्रत्येक कागदावरचं काळं आधीच्यापेक्षा मोठं.

"अडीच वर्सं झाली," ताई म्हणाली. लग्न होऊन इथं आल्यापासून तिची अमरावतीची भाषा कधीच गेली. "डोयाच्या पडद्याले झालं होतं. कडेचं दिसे, मधातलं नाही. समोर मानूस उभा असला तं त्याचे कान दिसत, तोंड दिसे ना. मान तिरपी करून पाहे थे. मले शपथ घातली होती, मास्तरणीले सांगायचं नाही म्हनून."

मी विचारलं, पंचनाम्याच्या दिवशी काय झालं. ती म्हणाली, जीपमधून नेलं होतं त्यांना. नांगरलेल्या वावरात पाय टाकायची भीती वाटे, म्हणून ते गाडीतून उतरलेच नाहीत. लिहिणाऱ्यानं गाडीशी येऊन विचारलं, सर, ही पुढची काटेरी झुडपंच ना? गाडी मोठ्या रस्त्याच्या वळणावर उभी आहे असं तुम्हाला वाटलं. तिथं खरंच नुसती झुडपं आहेत. तुम्ही म्हणालात, हो. त्यानं बोटानं जागा दाखवली, तुम्ही सही केलीत. गाडी तुमच्याच धुऱ्यापाशी उभी होती हे तुम्हाला समजलं ते मशीन येऊन गेल्यावर.

मी खणाकडे बघत राहिले आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. हल्ली कार्डं मला वाचून दाखवायला लावायचात, म्हणायचात, "उच्चार ऐकू दे." ताई जेवताना तुमच्या उजव्या हाताला बसायची आणि वाटी तुमच्या बोटांना लावायची, मी त्यावरून तुम्हा दोघांची थट्टा करायची, म्हातारपणी किती ते प्रेम! दारात मी उभी राहिले की म्हणायचात, "आवाज दे, मास्तरीण." आणि पंचनाम्याच्या आदल्या वर्षी त्याच धुऱ्यावर तुम्ही बाभळीच्या सालीवर दोन्ही तळवे ठेवून उभे होतात. डोक्यावर झाड पिवळंधमक झालेलं, मधमाश्यांचा नुसता गलका. तुम्ही मला विचारलंत, "फुलं आली का वं?" मला वाटलं, सर परीक्षा घेतायत. मी हसत म्हटलं, "का, दिसत नाही का?"

तुम्ही म्हणालात, "मास्तर परीक्षा घेते, देत नाही." दोघं हसलो. मी जरा जास्तच हसले.

तळव्यानं तुम्ही तेली आणि कवडी ओळखू शकत होतात, हिवर तर बोट लावताच. पण रामकाठी हाताला नाही कळत. ती दुरून कळते, तिच्या उभं राहण्यावरून. हे तुम्हीच मला शिकवलंत. मग त्या जीपमध्ये बसायचंच कशाला? 'मला दिसत नाही, दुसरा पंच बघा' एवढं म्हणायला काय झालं होतं? गावापुढे साहेबाचे डोळे गेले हे उघडं पडलं असतं, म्हणून? अंजनाबाईच्या बकऱ्या यंदाच्या उन्हाळ्यात काय खातायत, विचारलंत का कधी? तिनं चार विकल्या. दिसत नव्हतं हे खरं असेल, पण सही तुमचीच आहे. मी ती तुम्हाला माफ करत नाही. तुम्हीही कोणाला केली नसतीत.

पण याहून मोठा राग वेगळाच आहे, आणि तो मला खायला उठतो.

पंचनाम्याच्या दिवशी सकाळी तुम्ही मला फोन केला होतात. मी विसरून गेले होते. ताईनं आठवण करून दिली. "मास्तरीण, येतं का बाळापूरले? पयली बस पकड. रामकाठ्या फुलल्या असतीन, पाहून येऊ. तिथं थोडं कामबी हाय." त्या दिवशी माझ्याकडे गॅसची शेगडी दुरुस्त करायला माणूस यायचा होता. शिवाय त्या कार्डाच्या वादावरून मी तुमच्यावर फुगलेली होते. मी म्हटलं, "बाभळी कुठे पळून चालल्यात का तुमच्या? पुढच्या महिन्यात बघू."

तुम्ही म्हणालात, "बरं. राह्यलं."

राह्यलं! एवढंच? एक वाक्य बोलायचं होतं हो. 'मले दिसत नाही, तू चाल संग.' मी शेगडी पेटती टाकून आले असते. तुम्ही माझे डोळे मागत होतात आणि नाव घेत होतात फुलांचं. चाळीस वर्षं मला शिकवलंत की वस्तूला तिच्या नावानं हाक मारायची, आडून बोलायचं नाही. आणि स्वतःच्या आजाराचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तुमची जीभ टाळूला चिकटली? भाऊबीजेला मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मी तुम्हाला विकला गेलेला माणूस समजले ते चाललं, आंधळा समजले असते तर चाललं नसतं. हा कुठला न्याय?

मी हे ताईला विचारलं. ओरडूनच विचारलं, बिचारीचा काय दोष. ती पदरानं भिंग पुसत होती. म्हणाली, "मीबी इचारलं होतं. सांगून टाका तिले, म्हनलं. तं म्हने, नोको. डोये गेले समजलं का थे माह्यासंगं भांडनं सोडून देईन. लोन्यावानी मऊ बोलीन. मंग माह्याजोळ राह्यते काय?"

तेव्हा मी रडले, भाऊजी. तेराव्याला नाही, चौदाव्या दिवशी, तुमच्या त्या खणासमोर, चांगली हमसून. आणि रडतानाही तुमच्यावर चिडलेली होते. कारण तुमचं खरं होतं. कळलं असतं तर मी मऊ झाले असते. तुमचा हात धरून चालवलं असतं, तुमचं प्रत्येक म्हणणं मान्य केलं असतं, आणि तुम्ही त्या मान्यतेनं गुदमरला असतात. अमरावतीच्या एका वकिलाच्या मुलीला तुम्ही बसमधून उतरवून जमिनीवर आणलंत, तिला भांडायला शिकवलंत, तिच्या शाळेत कोणी तिला विचारत नव्हतं तेव्हा तिच्या नावाची कार्डावर सही घेतलीत. हे ऋण आहे आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलते आहे तर ऐकायला कोणी नाही.

परवा मी अंजनाबाईकडे जाऊन आले. धुरा सपाट आहे, मुरूम पडलाय. मी तिला सगळं सांगितलं. तिनं बकरीच्या गळ्यातली दोरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "असं हाय तं. मी त्याले लय शिव्या देल्ल्या बाई, रोज." मी म्हटलं, मीही. ती म्हणाली, "वापस घेऊ का मंग?" मी विचार केला आणि म्हटलं, "अर्ध्या घ्या." ती हसली.

आज खोकी माझ्या टेबलावर आहेत. 'काटेरी झुडूप' या शब्दाचं कार्ड मी केलेलं नाही. तो वाद तुम्ही जिंकलात; खोक्यात ती शिवी येणार नाही. पण पंचनाम्याची ती नक्कल मी फाडली नाही, तुमच्या सहीवर रेघही मारली नाही. तुमच्याच रीतीनं केलं. एक चिठ्ठी कापली आणि घसरलेल्या सहीच्या शेजारी चिकटवली.

'रामकाठी बाभूळ. झाडे अकरा. आधीची ओळख चुकीची. ओळखणाऱ्यास दिसत नव्हते. त्याने सोबत बोलावले होते, सोबत कोणी गेले नाही.'

खाली आजची तारीख घातली आणि सही केली. माझी सही सरळ ओळीवर आली, आणि मला त्याचाही राग आला.